आईच्या नावावर गेलेलं गाणं

मायबोली म्हणजे आईची बोली, असं आपण सहज म्हणून जातो. नेस्ता प्रॉसरला जी बोली मिळाली ती बापाची. आईने स्वतःच्या भाषेतला एक शब्दही लेकीच्या कानावर पडू दिला नाही.

आईचं नाव सोआझिक. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, समुद्रात घुसलेला, ब्रिटनी नावाचा मुलूख आहे, ती तिथली. तिच्या गावचे शेतकरी दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला गुलाबी कांदे बोटीत भरून वेल्सच्या बंदरांवर आणत. कांद्यांच्या लांब वेण्या विणायच्या, सायकलच्या हँडलला लटकवायच्या आणि दारोदार हिंडायचं. ब्रेतॉन आणि वेल्श या भाषा चुलत बहिणी, त्यामुळे दारात उभ्या बाईशी चार शब्दांत सौदा व्हायचा. १९६२ साली सोआझिक एकोणीस वर्षांची होती. बाप आणि त्याच्या साथीदारांचा स्वयंपाक करायला म्हणून ती वेल्समधल्या कार्डिगनला आली. तिथे इदवल प्रॉसर नावाचा बसचालक होता. रविवारी चॅपेलमध्ये गायचा. कांदे संपले, बाप बोटीत बसला, सोआझिक राहिली.

चार वर्षांनी नेस्ता झाली. इदवल लेकीशी वेल्शमध्ये बोले. सोआझिकही मोडक्यातोडक्या वेल्शमध्येच बोले, इतकी मोडकी की शेजारच्या बायका हसत. पण ती आपल्या भाषेकडे वळली नाही. सात वर्षांच्या नेस्ताने एकदा विचारलं, "माम, तुमच्याकडे समुद्राला काय म्हणतात?"

"समुद्राला समुद्र म्हणतात," आई म्हणाली. "जेव आता."

यामागचं कारण नेस्ताला पुढे एकदाच ऐकायला मिळालं, तेही बाप गेला त्या आठवड्यात, आई जरा सैल झाली होती तेव्हा. सोआझिकच्या शाळेत फक्त फ्रेंच बोलायची परवानगी होती. ब्रेतॉन बोलताना कुणी सापडलं की मास्तर त्याच्या गळ्यात दोरीने एक जुना लाकडी बूट अडकवायचे. तो उतरवायचा एकच मार्ग होता. दुसरं कुणीतरी ब्रेतॉन बोलताना पकडून द्यायचं, मग बूट त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्याकडे बूट, त्याला मार. एका दुपारी सोआझिकने तो आपल्या धाकट्या बहिणीच्या गळ्यात घातला होता.

"मग?" नेस्ताने विचारलं.

"मग काही नाही. तिला मारलं." आईने कपबश्या आवरायला घेतल्या.

नेस्ताचा गळा बापाचा. वेल्समध्ये गाण्यांच्या आणि कवितांच्या स्पर्धांचे मोठे मेळे भरतात. त्यांत तिने शाळेत असताना दोन वेळा पहिला नंबर घेतला. शिकायला म्हणून ती मँचेस्टरला गेली, आणि शिक्षण अर्धवट टाकून गिटार घेऊन पबमध्ये गायला लागली. वेल्श गाणी, इंग्रजी गाणी. चोविसाव्या वर्षी तिच्या मनाने घेतलं की आईची भाषा शिकायची. दोन उन्हाळे ती ब्रिटनीत जाऊन राहिली. शिकवणाऱ्या बाई स्वतः पुस्तकातूनच शिकलेल्या होत्या. नेस्ताने शब्दकोश पाठ केल्यासारखा वाचला. कार्डिगनला परतल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने आईशी पहिलं अख्खं ब्रेतॉन वाक्य बोलून दाखवलं. तिला वाटलं होतं, आई रडेल. निदान वळून बघेल.

सोआझिक मासा साफ करत होती. तिने न वळताच वेल्शमध्ये विचारलं, "हे कुणाचं ब्रेतॉन? रेडिओवरच्या बाईचं?"

त्या हिवाळ्यात नेस्ताने मँचेस्टरच्या भाड्याच्या खोलीत ते गाणं लिहिलं. अकरा दिवस लागले. चालही तिचीच, शब्दही तिचेच, आणि भाषा ब्रेतॉन. बंदरावर उतरलेल्या एका मुलीचं गाणं. ती नव्या घरात शिरते आणि दाराआड ओला कोट टांगावा तशी आपली बोली टांगून ठेवते. वर्षं जातात. दार उघडतं, मिटतं. कोट काही वाळत नाही. पुढे घरात मूल रांगायला लागतं, ते त्या कोटाची बाही ओढतं, आणि मुलगी म्हणते, हात लावू नकोस, गार आहे.

१९९४ साली तिची पहिली कॅसेट निघाली. आतल्या कागदावर बारीक अक्षरांत छापलं होतं, 'शब्द आणि संगीत: नेस्ता प्रॉसर'. त्यातली एक प्रत तिने आईला पाठवली. आईचा फोन आला तो गुडघेदुखीबद्दल. कॅसेटचा विषय निघाला नाही. नेस्ताने काढला नाही. कानाला खडाच लावला.

आता तिच्या कारकिर्दीबद्दल सांगायचं तर फार लांबड लावायला नको. सात-आठ वर्षं बरी गेली. जुन्या व्हॅनमधून तिघंचौघं वाजवणारे, वेल्सचे मेळे, ब्रिटनीतले महोत्सव, इंग्लंडमधले ओले तंबू. वेल्श लोक म्हणत, आवाज छान, पण आपल्या भाषेत का नाही गात? ब्रेतॉन लोक म्हणत, उच्चार वेल्श वाटतात. एका इंग्रजी मासिकाने लिहिलं की गाणी गोड आहेत आणि एक अक्षर कळत नाही हे बरंच आहे. ना इकडची ना तिकडची, अशी गत. गिटार वाजवणारा डाविथ नऊ वर्षं तिच्याबरोबर राहिला, मग एका नावाजलेल्या गायिकेच्या दौऱ्यावर गेला आणि तिकडचाच झाला. दुसरी कॅसेट आली तोवर लोक सीडी घेत होते, तिसऱ्या खेपेला सीडी काढली तोवर लोक काहीच विकत घेत नव्हते. कंपनी बंद पडली. चाळिशीत नेस्ता मँचेस्टरच्या शाळांमधून संगीत शिकवायला लागली. सोमवारी एक शाळा, मंगळवारी दुसरी, ट्राममध्ये मांडीवर गिटार. गाण्यासाठी वर्षातून पाच-सहा बोलावणी येत. त्यात लोक शेवटी एकच मागत, 'ते कोटाचं गाणं'. तेवढं एक गाणं तिला पुरलं होतं. आपण एक गाणं असं केलं की ते आपल्याशिवाय कुणी करू शकलं नसतं, हे तिच्या मनात पक्कं होतं, आणि त्यावर ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

२०१७ साली आईला कार्डिगनजवळच्या केअर होममध्ये ठेवावं लागलं. स्मृती झपाट्याने जात होती. तिथे भावना नावाची नर्स होती, नागपूरची. तीन वर्षांपूर्वी व्हिसावर आलेली. आजी, आजी करून ती सोआझिकचं सगळं बघायची. एके दिवशी तिचा नेस्ताला फोन आला.

"तुमच्या आई आठवडाभर वेगळंच काहीतरी बोलतायत," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, नुसती बडबड आहे. पण मला ती भाषा वाटते. मध्येच गातातसुद्धा."

नेस्ता त्याच शनिवारी गेली. सोआझिक खिडकीजवळ बसली होती. वेल्श तिच्यातून पुसलं गेलं होतं, फ्रेंचही. उरली होती ती ब्रेतॉन. पन्नासहून अधिक वर्षं कोंडलेली, भरभर, बंदरावरची. नेस्ताने आपल्या पुस्तकी ब्रेतॉनमध्ये विचारलं, "माम, कशी आहेस?"

सोआझिकने तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीला सांगितलं, "शाळेच्या बाई आल्यात. गप्प बस."

नेस्ता तीन तास तिथे बसून राहिली. निम्मं कळत होतं, निम्मं नाही. आईला अखेर भाषा फुटली होती, आणि त्या भाषेत लेकीला जागा नव्हती.

भावनाने मात्र एक गोष्ट केली, चांगल्या मनाने. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमाला ती बर्मिंगहॅमला गेली होती. तिथे तिला ऋजुता भेटली. ऋजुता पुण्याची, वय अठ्ठावीस, केंब्रिजमध्ये लोकगीतांवर पीएचडी करत होती आणि तिथल्याच एका छोट्या खाजगी गीतसंग्रहात नोकरीला होती. वेल्स-किनाऱ्यावर राहिलेल्या ब्रेतॉन बायकांची गाणी ती दोन वर्षं शोधत होती आणि तिच्या हाती काही लागत नव्हतं. भावना म्हणाली, "आमच्याकडे एक आजी आहेत, दिवसभर गातात."

ऋजुता दोन वेळा केअर होममध्ये जाऊन आली, बरोबर एक ब्रेतॉन दुभाषा घेऊन. तेरा गाणी मिळाली. कागदावर सोआझिकची थरथरती सही घेतली. लेकीला विचारावं असं तिथल्या व्यवस्थापकाला वाटलं नाही. ऋजुतालाही.

नेस्ताला हे कळलं दीड वर्षाने, तेही एका शाळेच्या स्टाफरूममध्ये. एका सहकाऱ्याने मोबाइल पुढे केला. "हे तुमच्या वेल्सकडचं ना? काय सुरेख आहे." वेल्समधला पोरापोरींचा एक कॉयर गात होता. नेस्ताचं गाणं. खाली लिहिलं होतं, 'पारंपरिक ब्रेतॉन गीत. सोआझिक प्रॉसर यांच्याकडून, त्यांना त्यांच्या आईकडून.' चार लाख लोकांनी ते ऐकलं होतं.

तिने त्याच दिवशी संग्रहाच्या वेबसाइटवर मूळ रेकॉर्डिंग शोधलं. आईचा आवाज. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं, एकही ओळ न चुकता. म्हणजे आईने ती कॅसेट ऐकली होती. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं, कुणी घरी नसताना, पाठ होईस्तोवर ऐकली होती. आणि एका ठिकाणी बदल केला होता. कोटासाठी नेस्ताने शब्दकोशातला शब्द घातला होता. तिथे आई कुठल्याच शब्दकोशात नसलेला शब्द म्हणत होती. कोळणी मेणकापडाच्या डगल्याला म्हणत असाव्यात तो. नेस्ताने तो कधीच ऐकला नव्हता. ऐकताक्षणी तिला कळलं की हाच शब्द बरोबर आहे.

गाणं संपल्यावर दुभाषा विचारत होता, "हे कुणाचं गाणं?"

"माझ्या आईचं," सोआझिक म्हणाली. "स्वयंपाक करताना म्हणायची."

नेस्ताने तो तुकडा सहा-सात वेळा ऐकला. मग केंब्रिजचं तिकीट काढलं.

संग्रहाची कचेरी एका जुन्या इमारतीत, जिन्याखाली होती. ऋजुता नम्र मुलगी होती. चहा केला, खुर्ची पुसून दिली. नेस्ताने कॅसेटचा कागद टेबलावर ठेवला.

"हे मी पाहिलंय," ऋजुता म्हणाली. "मी तळटीप दिली आहे. कन्येने या गीताची आधुनिक मांडणी केली, अशी."

"मांडणी नाही. ते मी लिहिलंय."

"त्या काळी पुष्कळ गायक पारंपरिक गाण्यांखाली स्वतःचं नाव छापत. मी तुम्हाला दोष देत नाही. आणि तो डगल्याचा शब्द बघा ना. तुमच्या कॅसेटमध्ये पुस्तकी शब्द आहे, आईंच्या गाण्यात बोलीतला. जुना पाठ कुठला, हे त्यावरूनच ठरतं."

"तो शब्द आईने दुरुस्त केलाय. माझी चूक सुधारली तिने."

"हे सिद्ध कसं करणार?"

मँचेस्टरची ती खोली, ते अकरा दिवस, याला साक्षीदार कुणीच नव्हता, डाविथसुद्धा त्यानंतर वर्षभराने भेटलेला. नेस्ताने विचारलं, "तू आईला भेटलीस तेव्हा तिला मी कोण हे माहीत होतं का? तिला तारीख सांगता येत होती? तिच्या शब्दावर तू माझं गाणं काढून घेतलंस."

ऋजुताने चहाचा कप बाजूला सरकवला. "मी मुळशीकडे जात्यावरच्या ओव्या गोळा केल्यात. तिथे ओवी कुणाची असं विचारलं तर बायका हसतात. जिच्या हातात जात्याचा खुंटा, तिची. मला खरंच वाटतं, गाणं कुणा एकाचं नसतं."

"खुंटा माझ्या हातात होता," नेस्ता म्हणाली. "आणि तुझ्या प्रबंधावर नाव कुणाचं असणार आहे?"

ऋजुताचा चेहरा लाल झाला. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि संग्रहाच्या प्रमुखांना घेऊन आली. ते वयस्क इंग्रज गृहस्थ होते, बोलणं मऊ. त्यांनी एक कागद पुढे ठेवला. आई रेकॉर्डिंगच्या वेळी भानावर नव्हती असं नेस्ताने लिहून द्यावं, डॉक्टरांचा दाखला जोडावा. मग ते नोंद मागे घेतील.

"फक्त ती नोंद?"

"नाही. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाचं काहीच आम्हाला ठेवता येत नाही. नियमच आहे. तेराही गाणी पुसावी लागतील. मधलं बोलणंही. प्रत कुणालाच देता येणार नाही, तुम्हालाही नाही."

मधलं बोलणं म्हणजे पावणेदोन तास. त्यात सोआझिक बापाबद्दल बोलली होती, बोटीबद्दल, आणि त्या धाकट्या बहिणीबद्दल. नेस्ताला आईने जे जन्मभर दिलं नव्हतं ते सगळं तिथे, वेबसाइटवर, कुणालाही ऐकता येईल असं पडलेलं होतं. इतर बारा गाणी खरोखर जुनी होती. आजीची असतील, पणजीची असतील.

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. परतीच्या गाडीत ऋजुताचा मेसेज आला, 'तुमच्या भावना मी समजू शकते.' नेस्ताने फोन बंद केला.

तो कागद तिने अनेकदा काढला आणि ठेवून दिला. सही केली नाही. यात काही थोरपणा होता असं तिने कधी मानलं नाही. आईचा आवाज पुसून टाकायला तिचा हात धजला नाही, एवढंच. आणि याचा आईवर तिला राग होता. सांगायचं होतं तर मन जागेवर असताना, तिच्या तोंडावर सांगायचं, की गाणं बरं आहे, शब्द तेवढा चुकलाय. एका वाक्याचं काम होतं. त्याऐवजी बाईने गुपचूप पाठ केलं आणि शेवटी ते आपल्या आईच्या ओटीत टाकून दिलं.

मधल्या काळात गाणं वाढत गेलं. लग्नांत, शाळांत, एका मालिकेत. मँचेस्टरमधल्या वेल्श मंडळाने नेस्ताला संत डेव्हिडच्या दिवशी, म्हणजे वेल्सच्या सणाला, गायला बोलावलं. तिने ते गाणं आपल्या मूळ शब्दासकट म्हटलं. कार्यक्रमानंतर एक तरुण मुलगी जवळ आली. भली मुलगी होती, वाईट वाटेल म्हणून आवाज खाली आणून बोलली. "फार छान गायलात. फक्त दुसऱ्या कडव्यात एक शब्द चुकतोय. मूळ गाण्यात वेगळा आहे. मी लिंक पाठवू का?"

"पाठव," नेस्ता म्हणाली.

त्यानंतर तिने ते गाणं जाहीरपणे गायलं नाही. ब्रेतॉनमध्ये नवीन काही लिहिलंही नाही. लिहायला बसली की प्रत्येक शब्दापाशी वाटे, हा कुणाच्या तोंडचा आहे, आणि पेन थांबे.

सोआझिक फेब्रुवारी २०२२ मध्ये गेली. शेवटच्या महिन्यात गाणंही थांबलं होतं. भावनाने फोन करून सांगितलं, आजी झोपेतच गेल्या, मी हात धरून होते. चॅपेलमध्ये त्या कॉयरची आठ पोरं आपणहून आली होती. त्यांनी ते गाणं सुरेख म्हटलं, चार आवाजांत. पाद्री म्हणाले, ही सोआझिकने आपल्या मुलखातून आणलेली ठेव. पहिल्या बाकावर बसलेल्या नेस्ताकडे सगळे मायेने बघत होते. ती उठून काय सांगणार होती? आईची शवपेटी समोर असताना, की ती खोटं बोलली?

ऋजुताला पीएचडी मिळाली. पण संग्रहाचा निधी आटला, कचेरीला कुलूप लागलं, आणि व्हिसा टिकवायचा म्हणून ती मिल्टन कीन्सला एका आयटी फर्ममध्ये लागली. २०२४ च्या मार्चमध्ये एका रविवारी दुपारी तिने नेस्ताला फोन केला. आवाज बदलला होता, थकल्यासारखा.

"मी त्या रेकॉर्डिंगचं बोलणं पुन्हा नीट ऐकलं," ती म्हणाली. "तुमच्या आई आधी एकदा म्हणतात की त्यांची आई कधी गात नसे. बायका गायल्या तरी ती गप्प असायची. चाळिसाव्या मिनिटाला. ते आणि गाण्यानंतरचं उत्तर जुळत नाही. गाणं तुमचंच आहे, असं मला वाटतं."

"मग दुरुस्त कर."

"माझ्याकडे पासवर्ड नाही आता. संग्रह कुठल्याशा सर्व्हरवर नुसता पडून आहे. मी तीन ईमेल केल्या, कुणी उत्तर देत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"तुला तेव्हाच कळलं होतं," नेस्ता म्हणाली. "तुझा चेहरा लाल झाला होता."

ऋजुता हळूच म्हणाली, "हो."

नेस्ताने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मुलांना युकुलेलेवर तीन सूर शिकवायचे होते, आणि पाच वाद्यांच्या तारा बदलायच्या राहिल्या होत्या. ती तारांचं पाकीट शोधायला उठली.